न पाहिलेल्या गाड्या

सन सत्तेचाळीस. मी पंचवीस वर्षांचा होतो, आणि त्या वर्षी मी जे केलं ते आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, ती गेली. बहिणीला नाही, तीही गेली. देवापुढंसुद्धा बोललो नाही — त्याला ठाऊक असेल तर असो, मी होऊन सांगायला गेलो नाही. मी मराठी चार यत्ता शिकलेला माणूस, अक्षर गिचमिड. घरातली पोरं हिंदी शाळेतली, त्यांना मराठी वाचता येत नाही. म्हणूनच मराठीत लिहितोय. तुम्ही वाचाल. तुम्ही मला ओळखत नाही, ते बरंच आहे.

परवा टीव्ही चालू होता. नातू म्हणाला, "आजोबा, ये देखो, देश का सुरक्षा सलाहकार. दूसरे देश से लफड़ा हो तो येई संभालता है." कोट घातलेला एक माणूस विमानातून उतरत होता. मी म्हटलं, "असा एक आमच्या देवासलाही होता."

पोरं हसली. "देवास में? लड़ाई किससे थी आजोबा, उज्जैन से?"

हसू द्या. पण मी त्या कोटवाल्याकडं बघत नव्हतो. त्याच्या मागून एकजण चालला होता, त्याच्या कानाशी लागून काहीतरी सांगत. मी त्याच्याकडं बघत होतो. हा काय सांगतोय? स्वतः पाहून आलाय का हा? की वाटेत कुठं जेवायला बसला होता?

देवासला तेव्हा दोन राज्यं होती, थोरली पाती आणि धाकटी पाती. रस्त्याच्या या अंगाला एक सरकार, त्या अंगाला दुसरं. आम्हाला परराष्ट्र म्हणजे रस्ता ओलांडला की लागायचं. पण त्या साली ते हसण्यावारी राहिलं नव्हतं. इंग्रज गेला, आणि रेडिओवर रोज एक नाव — जुनागड, काश्मीर, हैदराबाद. कोण कुणाकडं जाणार, कोण कुणावर चालून येणार, कुणालाच ठाऊक नव्हतं. रेल्वेनं पंजाबातली माणसं येत होती, त्यांच्या तोंडून ऐकलेलं घेऊन बाजार रात्री झोपत नव्हता.

अशा वेळी आमच्या पातीच्या सरकारांना, म्हणजे महाराजांना, मसलत द्यायला बापूसाहेब होते. पलटणीतून निवृत्त झालेले, बसऱ्याकडं लढाई पाहिलेले, उंच, कमी बोलणारे. बाहेर काही पेटलं की ते आपल्या घरात येऊ नये म्हणून काय करायचं, हे ठरवणं त्यांचं काम. मी त्यांचा जासूद. जासूद म्हणजे बातमी आणणारा. माझा बाप जासूद, आजा जासूद, देवासचे राजे पवार, त्यांच्या मागं आम्ही दक्षिणेतून आलो तेव्हापासून आमच्या घरात हेच.

आमची एक रीत होती. ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. जासुदानं उंबऱ्याबाहेर जोडे काढायचे, उभं राहायचं, आणि बातमीच्या आधी एक शब्द बोलायचा. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली असली तर "देखी". दुसऱ्याकडून कळली असली तर "ऐकीव". ऐकीव म्हटलं की मग प्रश्न — कुणाकडून, कधी, तो माणूस कसा. देखी म्हटलं की कुणी काही विचारत नसे. विचारणं म्हणजे जासुदाच्या तोंडावर थुंकणं. बापूसाहेब एवढे मोठे, पण तेही विचारत नसत.

माझ्या बापानं जन्मात ऐकीव आणली नाही, असं तो सांगायचा. खरं होतं का? आता वाटतं, कोण जाणे. तेव्हा मला ते वेदासारखं होतं. माझ्या जोडीला गोविंदा शेलार म्हणून दुसरा जासूद होता. तो दहात आठ वेळा ऐकीव म्हणायचा. मीच त्याचं नाव पाडलं — ऐकीव गोविंदा. तो पागेजवळून निघाला की मी हाक मारायचो, "काय गोविंदराव, आज कुणाच्या बायकोनं सांगितलं?" तो हसायचा. वाईट नव्हता माणूस. खरा होता. ते मला खुपायचं.

आता येतो त्यावर.

दिवाळीच्या आधीचे दिवस. आमच्या गल्लीच्या तोंडाशी नसीर पिंजारी राहायचा, तो आणि त्याची बायको, खैरूनभाभी. माझ्या लग्नातल्या गाद्या त्यांनीच भरल्या होत्या. दरसाल थंडी यायच्या आधी नसीर भोपाळकडून रुई आणायचा, बैलगाड्या भरून. त्या साली तो तिकडं गेला आणि बाजारात आवई उठली की रुईखाली बंदुका येतायत.

बापूसाहेबांनी मला बोलावलं. म्हणाले, "लखोबा, पिंजाऱ्याच्या गाड्या हद्दीपलीकडं सोनकच्छच्या सरायात उतरल्यात. बाजार काय बोलतो ते मला ठाऊक आहे. मला ते नको. तू जा, गठ्ठ्यात कोपरापर्यंत हात घाल आणि ये."

दरबारची सायकल घेऊन मी निघालो. ऊन होतं. अर्ध्या वाटेवर माझ्या अक्काचं गाव. म्हटलं पाणी पिऊन पुढं जाऊ. अक्का म्हणाली, "भाऊबीज पुढं आहे, पण आलास तर जेवून जा." तिनं बाफले केले होते. ज्यानं माळव्यात बाफले खाल्लेत त्याला सांगायला नको — तुपात बुडवलेले, वर डाळ, आणि बहीण ताटाशी बसून वाढणारी. मी जेवलो. मग निंबाखाली बाजेवर जरा पडलो.

उठलो तेव्हा सावल्या लांब झाल्या होत्या.

सोनकच्छकडून आलेली मोटार विहिरीपाशी पाणी घ्यायला थांबली होती. मी कंडक्टरला विचारलं, सरायात पिंजाऱ्याच्या गाड्या आहेत का. तो म्हणाला, "हां भिया, हे. कल सवेरे निकलेगी. लोग के रिया हे रुई कम ने बंदूकां ज्यादा हे."

लोग के रिया हे — लोक म्हणतायत. तुम्ही ऐकलंत ना? मीही ऐकलं होतं. स्वच्छ.

पुढं जायला वेळ होता. रात्री सरायात उतरता आलं असतं, सकाळी हात घालता आला असता. पण अंग जड झालं होतं, आणि बातमी तर मिळालीच होती, असं वाटलं. सायकल देवासकडं वळवली. वाटेत ठरवलंही होतं की ऐकीव म्हणायचं. खोटं नाही सांगत. पायडल मारताना शब्द तोंडात घोळवत होतो — ऐकीव, ऐकीव.

बापूसाहेबांच्या उंबऱ्याशी गोविंदा उभा होता. त्याची बातमी सांगून झाली होती, जोडे घालत होता. माझ्याकडं बघून म्हणाला, "या लखोबा. तुमची तर देखीच असणार."

आणि मी म्हणालो — "देखी."

एवढंच. एका शब्दाचा खेळ. माझ्या बापाच्या नावासाठी केलं का? नाही हो. गोविंदानं हसू नये म्हणून केलं.

मग रुईखाली बंदुका आहेत म्हणून सांगितलं, आणि बापूसाहेबांनी काही विचारलं नाही. मग जमादाराला म्हणाले, "उद्या नाक्यावर त्या गाड्या अडवायच्या. झडती घ्यायची नाही. बंदुका चारचौघांत निघाल्या की संध्याकाळपर्यंत बाजार पेटेल. गाड्या परत फिरवा आणि त्याला सांगा, या राज्यात पुन्हा पाऊल ठेवू नकोस. आवाज न करता." शहाणी मसलत होती. आजही म्हणतो, शहाणी होती. बंदुका असत्या तर ती मसलत सोन्यासारखी ठरली असती.

दुसऱ्या दिवशी जमादारानं मला नाक्यावर उभं केलं, पाहणारा मीच म्हणून. दुपारी गाड्या आल्या. नसीर पुढच्या गाडीवर बसला होता. शिपाई आडवे झाले तेव्हा तो घाबरला, मग मला बघून त्याच्या चेहऱ्यावर रंग आला. "अरे लखू भिया, तुम हो. इनको समझाओ यार, मैं तो घर जा रिया हूं."

जमादारानं हुकूम सांगितला. नसीर ऐकत राहिला. मग कमरेची सुरी काढून त्यानं एका गठ्ठ्याचं पोट फाडलं. रुई बाहेर आली, पांढरी, फुगून, खाली चिखलात पडली. त्यानं आत हात घातला, कोपरापर्यंत. मी जो घालायचा होता तो हात त्यानं घातला. "देख लो. और खोलूं? सब खोलता हूं."

जमादार सज्जन माणूस. माझ्याकडं वळून हळू म्हणाला, "काय रे, ही तर रुईच दिसते."

नसीर दुसऱ्या गाडीकडं निघाला होता, सुरी घेऊन. तिथला गठ्ठाही त्यानं फाडला असता तर? तिसरा? माणसं जमायला लागली होती, त्यात गोविंदाही होता. मी जमादाराला म्हणालो, "सगळ्यात पुढच्या गाडीत रुईच ठेवणार ना ते. जमादार, गर्दी वाढतेय. बापूसाहेबांचा हुकूम काय आहे?"

जमादारानं नसीरच्या हातातली सुरी काढून घेतली.

पहिलं खोटं झोपेचं होतं असं म्हणाल तुम्ही, किंवा तोऱ्याचं. हे दुसरं कशाचं होतं? हे मी जागा असून, पोट रिकामं असून, त्याच्या तोंडाकडं बघत बोललो. नसीरनं "लखू भिया" एवढंच म्हटलं. बैलांची तोंडं फिरवली. उसवलेल्या गठ्ठ्यातली रुई रस्त्यावर पडत गेली.

त्या संध्याकाळी सरकारांनी बापूसाहेबांना शाबासकी दिली, एक गोळी न झाडता संकट परतवलं म्हणून. बापूसाहेबांनी माझ्या डोक्याला स्वतःच्या हातानं फेटा बांधला. बाहेर आलो तर गोविंदा. म्हणाला, "लखू, तू खरंच हात घातला होतास?" मी चारचौघांत म्हणालो, "ऐकीव गोविंदा आता मला देखी शिकवणार." लोक हसले. तो नाही हसला. त्यानंतर तो माझ्याशी कधी बोलला नाही.

पुढं राज्यंच गेली. मध्य भारत झाला, थोरली-धाकटी सगळी एका टोपलीत. मी धारला एका कचेरीत चपराशी लागलो. बापूसाहेबही धारला मुलाकडं येऊन राहिले होते. मी सुटीच्या दिवशी जायचो, पायाशी बसायचो. ते आल्यागेल्याला ती हकीकत सांगायचे, आणि माझ्याकडं बोट करायचे — "हा पाहून आला होता." मी मान हलवायचो. किती वर्षं हलवली ती मान. एकदा दुपारी, अंथरूण धरल्यावर, खोलीत कुणी नव्हतं तेव्हा ते म्हणाले, "लखोबा, रीत नाही, विचारू नये. पण त्या पंजाबच्या बातम्यांनी आपण सगळेच भ्यालो होतो. ती देखीच होती ना रे?"

त्यांना बरं वाटावं म्हणून मी होय म्हणालो, असं लिहिता येईल. लिहिणार नाही. मी माझ्यासाठी होय म्हणालो. ते म्हणाले, "मग झालं," आणि डोळे मिटले. त्या माणसाची उभ्या जन्मातली सर्वांत मोठी मसलत माझ्या दुपारच्या झोपेवर उभी होती, आणि तो समाधानानं मेला. हे चांगलं झालं की वाईट? मला नाही ठरवता येत.

नसीर कुठं गेला? कुणी म्हणायचं भोपाळ, कुणी म्हणायचं पार कराची. एकदा कचेरीच्या कामानं कुक्षीला गेलो होतो. एका गल्लीतून पिंजणाचा, रुई पिंजायच्या त्या लांब धनुकलीचा, आवाज आला, ती तार वाजते तसा. जाऊन बघता आलं असतं. मी दुसऱ्या गल्लीनं गेलो.

एक सांगायचं राहिलंय. मी ते टाळत होतो, इथपर्यंत आलो तरी टाळत होतो.

खैरूनभाभी घरातच होती. नाक्यावर जे झालं ते तिला रात्री कळलं. गाड्या परतवल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्या दारात गेलो. दया म्हणून नाही. ती देवासात राहिली असती तर रोज नळावर, बाजारात सांगत बसली असती की गठ्ठ्यात रुईच होती, आणि कधीतरी कुणी ऐकलं असतं. मी म्हणालो, "भाभी, नसीर सोनकच्छला वाट बघत असेल. पहिल्या मोटारीनं जा." तिनं दोन बोचकी बांधली. पिंजण उचलवेना तिला, ते मी खांद्यावर घेतलं. मोटारस्टँडपर्यंत ती माझ्या मागून चालत आली. लोक दारांतून बघत होते. ती म्हणाली, "पूरी गल्ली में एक आप ही आए, भिया."

पिंजण आत मावेना. मी टपावर चढलो, दोरीनं ते आडवं बांधलं, गाठ ओढून पाहिली. पक्की होती. खाली उतरलो आणि ड्रायव्हरला म्हटलं, "चलो."