बॉनेटखाली कणकेचे गोळे

नवऱ्याची अँजिओप्लास्टी झाली, तेव्हा डॉक्टरांच्या सूचनांत चालणं होतं, मीठ कमी करणं होतं आणि शेवटी गाडीचं होतं: तापलेल्या गाडीत अजिबात बसायचं नाही. रोजच्या गाडीचा प्रश्न नव्हता. प्रश्न शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात एका गॅरेजच्या शेडमध्ये उभ्या असलेल्या दुसरीचा होता. लांब नाकाची, दोन दारांची जुनी अमेरिकन मसल कार, वयाने माझ्याहून थोडी मोठी. तिला एसी नव्हता, आणि जूनमध्ये दुसऱ्या सिग्नललाच इंजिनाच्या तापमानाचा काटा लाल पट्टीत जायचा. वसईला शाळेत असताना नवऱ्याने ती एका कॅलेंडरवर पाहिली होती. पुढे दुबईत देऱ्याला एका खोलीत सहा जणांबरोबर राहायचा, तेव्हापासून तिच्यासाठी थांबला होता.

"विकून टाकतो," घरी आल्याच्या आठवड्यातच तो म्हणाला. "गिऱ्हाईक तयार आहे."

गिऱ्हाईक म्हणजे शेजारच्या शेडमध्ये स्वतःच्या जुन्या गाड्या ठेवणारे एक इमाराती गृहस्थ. दर भेटीत ते आमच्या गाडीच्या टपावर हात फिरवायचे.

"एसी बसवला तर?" मी विचारलं.

"त्या इंजिनवर एसी चालायचा नाही. स्वतःलाच थंड ठेवता येत नाही त्याला."

"मग इंजिन बदलू."

"कालपर्यंत तू तिला भंगार म्हणत होतीस!"

"भंगारच आहे. थंड भंगार करू."

इमाराती गृहस्थ सुट्टीला परदेशी निघाले होते. माझा बेत ऐकून ते हसले. "मी ऑगस्टमध्ये परत येतो. तोपर्यंत एसी लागला तर गाडी तुमची. नाही लागला तर खलास, माझी." नवऱ्याने हात मिळवला. त्याचा चेहरा पाहून मी ठरवलं की हे काम आता माझं.

हमरिया फ्री झोनमध्ये माझी नोकरी आहे, ती कंटेनरमध्ये कुठला माल कसा बसेल ते ठरवण्याची. मोठी वस्तू लहान जागेत बसवणं मला घाबरवत नाही. पहिल्या आठवड्यात इंजिन बदलण्याची परवानगी मागितली. ती आल्यावर अपघातात गेलेल्या एका पिकअपचं चांगलं, नव्या पिढीचं इंजिन त्याच्या कॉम्प्युटरसकट मिळालं. मोठा रेडिएटर, दोन विजेचे पंखे, नवा पेट्रोल पंप, सगळं ओळीने आलं. जुलैच्या सुरुवातीला इंजिन खाली उतरलं आणि जागेवर बसलं. मेकॅनिकने टाळी दिली. हा पेशावरचा गडी, आवाज मोठा, चहा त्याहून मोठा.

आणि मग एसीचा कॉम्प्रेसर लावायला गेलो.

पिकअपच्या इंजिनावर कॉम्प्रेसर खालच्या बाजूला लटकतो. पिकअपमध्ये तिथे मोकळी जागा असते. आमच्या गाडीत नेमका तिथेच चासीचा जाड लोखंडी पट्टा जात होता. दोन बोटांनी अडत होतं.

"भाभीजी, फ्रेम काटेगा," मेकॅनिक म्हणाला. "थोडासा. वेल्डिंग मारेगा, रंग मारेगा, किसी को पता नहीं चलेगा."

"मला पता चलेगा," मी म्हणाले. त्या पट्ट्यावर पुढचं चाक पेललेलं असतं. वार्षिक तपासणीत गाडी वर उचलतात, तेव्हा दिसणार ते वेगळंच. "फ्रेमला हात लावायचा नाही."

"फिर एसी नहीं होगा."

नवरा स्टुलावर बसला होता. "जाऊ दे गं," तो म्हणाला. "इंजिन बसलं तेवढं पुरे. त्या गिऱ्हाइकाला गाडी चांगल्या इंजिनासकट देऊ." एवढं बोलून त्याने पुसलेलाच बोल्ट पुन्हा पुसायला घेतला.

त्या शनिवारी मी ऑफिसमधून पुठ्ठ्याची खोकी आणली आणि हॉलमध्ये पसरली. कॉम्प्रेसर, डायनामो, स्टीअरिंगचा पंप, तिघांचे पुठ्ठ्याचे नमुने कापले. मुलगी फोनमधून डोकं वर काढून म्हणाली, "मम्मी, इट्स अ कार. नॉट अ कंटेनर."

"सगळं कंटेनरच असतं, बाळा."

"ओह माय गॉड," म्हणाली, पण कात्री धरायला बसली.

तिघांच्या जागा बदलत बसलो. डायनामो वर, उजवीकडे होता. तो डावीकडे स्टीअरिंगच्या पंपाखाली नेला, तर त्याच्या जागी कॉम्प्रेसर वर येत होता. एकच शंका उरली. बॉनेट लागेल का? बॉनेट लावल्यावर आत डोकावता येत नाही, आणि पुठ्ठा दबून खोटं सांगतो.

मी घट्ट कणीक मळली. रविवारी ऊन चढायच्या आत गॅरेजमध्ये पोचलो, मोकळा कॉम्प्रेसर नव्या जागी लाकडी ठोकळ्यांवर टेकवला, त्यावर लिंबाएवढे गोळे ठेवले आणि वर प्लास्टिकचा कागद घातला.

मेकॅनिक चहाचा कप धरून पाहत राहिला. "भाभीजी, इंजन को रोटी नहीं मांगता, पेट्रोल मांगता है!"

"आज नाश्ता करू दे त्याला. लाव बॉनेट."

बॉनेट लागलं. उघडलं. मागचे गोळे जाडच राहिले होते. पुढचा एक मात्र पापडासारखा पातळ झाला होता. म्हणजे पुढच्या टोकाला जवळपास टेकत होतं, मागे भरपूर जागा होती. कॉम्प्रेसर पुढून किंचित खाली झुकवला असता तर त्याला फिरवणारा रबरी पट्टा सरळ फिरला नसता. म्हणून आख्खाच एक बोट खाली आणायचा ठरलं. पुन्हा गोळे, पुन्हा बॉनेट. या वेळी सगळे गोळे सारखे जाड निघाले.

मेकॅनिकने कप खाली ठेवला. एक गोळा उचलून नखाने त्याची जाडी पाहिली आणि नवऱ्याला म्हणाला, "साहब, ये तो लग जाएगा."

नवरा स्टुलावरून उठला. हॉस्पिटलमधून आल्यापासून त्याला इतक्या झटक्यात उठताना मी पाहिलं नव्हतं.

पुढचं त्यांनी दोघांनी केलं. दोन गल्ल्यांपलीकडच्या टर्नरकडून ॲल्युमिनियमची जाड पट्टी कापून आणली, भोकं पाडली, बोल्ट आवळले. रबरी पट्ट्याची लांबी मी पायजम्याच्या नाडीने मोजून दिली. पहिल्यांदा इंजिन सुरू केलं तेव्हा पट्टा किंचाळला आणि उडून बाहेर पडला. "यल्ला, फिर से," मेकॅनिक म्हणाला. कॉम्प्रेसरची चकती रेषेत नव्हती. मागे एक वॉशर घातला, पोलादी पट्टी टेकवून पुन्हा पाहिलं. दुसऱ्यांदा किंचाळला नाही. तपासणीत गाडी पास झाली आणि मुल्कियावर, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रावर, नवं इंजिन चढलं.

ऑगस्टमधल्या एका दुपारी आम्ही शारजाहून दुबईच्या रस्त्याला लागलो. मुद्दाम भर दुपारी, भर गर्दीत. नवरा चालवत होता, मी शेजारी, आणि मागे मेकॅनिक आपल्या पिकअपमध्ये पाण्याचे कॅन घेऊन. पुलाजवळ रस्ता तुंबला. शेजारच्या बसच्या पत्र्यावरून ऊन डोळ्यांत येत होतं. मी काट्याकडे पाहत होते. काटा मध्यावर होता, आणि तिथेच राहिला. काचा वर होत्या. नवऱ्याचा शर्ट कोरडा होता.

मग त्याने मला फोन लावायला सांगितला आणि स्पीकर चालू केला. इमाराती गृहस्थ आदल्याच दिवशी परतले होते.

"सलाम आलेकुम! गाडी नहीं बेचेगा!" नवरा ओरडला.

"हबीबी, इतना जोर से क्यों बोलता है?"

"एसी का पंखा तीन पे है!"

पलीकडे ते गृहस्थ असे हसले की फोन खरखरला. "मबरूक, मबरूक! गाडी मुबारक! अभी कम करो, बात करो."

नवऱ्याने एसीच्या बटणाला हातही लावला नाही. तसाच ओरडून बोलत राहिला, थेट पूल उतरेपर्यंत.