गल्लीतला सीए

आर्टिकलशिप केलेली चार माणसं चहाला बसली, की किस्से नोटिसांसारखे येतच राहतात. आमच्या बहुतेक किश्शांत भूषण असतो. वडील भेस्तानला कापडाच्या लूमवर कामगार, घर गोडादऱ्यात, आणि जिद्द एकच: वडिलांच्या डोळ्यांदेखत सीए व्हायचं.

*

त्याच्या मावशीला हे प्रकरण कळेना. "बी.कॉम. झालं ना? मंग सीए म्हणजे कितवी?"

"आधी परीक्षा, मग सीएच्या हाताखाली आर्टिकलशिप, मग पुन्हा परीक्षा."

"आन् लगीन?"

"त्याचा अटेम्प्ट वेगळा, मावशी!"

*

पलसाण्याच्या डाइंग मिलमध्ये आम्ही स्टॉक मोजायला गेलो. भूषणचं खानदेशी आडनाव ऐकून मॅनेजरने गुजरातीत विचारलं, "कारीगर छो?"

"ऑडिटर."

"अरे, तो खुरशी लाव!" त्याने पोऱ्याला खुर्ची आणायला पिटाळलं.

सगळे हसले. मला संताप आला होता.

*

वडिलांच्या खोकल्यातून रक्त पडायला लागलं. भूषणने रजा मागितली. आमचे सीए सर म्हणाले, "दीकरा, रजा वधारे थशे तो आर्टिकलशिप लांबी थशे."

"मग पप्पांची मुदतही लांबवा ना, सर!"

रजा काही मिळाली नाही.

*

फायनलचा निकाल. वडिलांनी शेजारच्या पोरीकडून मोबाइलवर मार्क वाचून घेतले. प्रत्येक पेपरात चाळीसच्या वर! भूषण घरी पोहोचेपर्यंत म्हाताऱ्याने धापा टाकत गल्लीभर पेढे वाटले होते.

भूषणने समजावलं, "पप्पा, प्रत्येक पेपरात चाळीस टक्के लागतात, आणि एकूण पन्नास. एकूण कमी पडले."

"समदा विषयमा पास, तरी नापास? हाई कसानी शाळा!"

थोड्या वेळाने पप्पाच म्हणाले, "तू बस अभ्यासाला. गल्लीला मी काही सांगणार नाही."

तेव्हापासून गल्लीत तो सीएसाहेब. लोक सहीसाठी कागद घेऊन यायचे आणि हा बिचारा म्हणायचा, "शिक्का बनवायला टाकलाय!"

*

वडील पावसाळ्यात गेले. पुढच्या अटेम्प्टला भूषण खरोखर पास झाला. मी त्याच्यासोबतच होते. दारातूनच तो ओरडला, "आई, सीए झालो!"

आई धावत आली आणि तिने त्याच्या तोंडावर हात ठेवला.

"हळू बोल, भाऊ. गल्लीमा तू आधीच सीए व्हई गयेल शे."