कडूबाचे नाक

शनिवार, २३ एप्रिल २०११. ईस्टरच्या आदला दिवस. पाचला उठले. उकाडा फार, पंखा गरम वारा फेकतो. गुडघा कालच्याइतकाच. सकाळी चहा, दोन टोस्ट. चर्चला मेणबत्त्या पाठवल्या. दुपारी सव्वादोनला कडूबा आला, भर उन्हात, डोक्याला काही न बांधता. साडेसहापर्यंत त्याच्या अंगणात होते. उपास मोडला.

माझ्या वहीतल्या त्या दिवशीच्या नोंदीचा हा पहिला भाग. मी थोडक्यात लिहिते, पण कडूबाबद्दल इतक्या थोडक्यात भागणार नाही. मंडळीतल्या नव्या लोकांना तो ठाऊक नाही आणि जुने आता बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत.

कडूबा जन्माने कन्नड तालुक्याकडचा. १९६१ साली लष्कराच्या छावणीत अफसरांच्या मेसमध्ये भांडी घासायला लागला आणि इथलाच झाला. बाप्तिस्म्याचे नाव जोकिम, पण ते चर्चच्या वहीबाहेर कधी आले नाही. माझे यजमान त्याच मेसच्या कचेरीत कारकून होते. तो माझ्याहून पाच वर्षांनी लहान, म्हणून मी त्याला पहिल्यापासून अरेतुरे करते. तो मला टीचरबाई म्हणतो. मी शाळेत फक्त चार वर्षे शिकवले, पण नाव चिकटले.

भांड्यांवरून तो चुलीकडे गेला आणि दहाबारा वर्षांत चांगला स्वयंपाकी झाला. १९७४ साली एका मेजरसाहेबांच्या पत्नीने परदेशातून येताना एक कागद आणला होता. डुकराचा अख्खा खांदा हाडासकट दिवसभर मंद धुरावर ठेवायचा. हाड आपोआप सुटले की मांस सुरीने कापायचे नाही, बोटांनी ओढून रेषारेषा मोकळी करायची. कागद इंग्रजीत होता. मी त्याचे मराठी करून कडूबाला लिहून दिले. त्यात उष्णता मोजायचे आकडे होते. ते वाचून तो म्हणाला, "टीचरबाई, ह्ये आकडे ऱ्हाऊ द्या. वास कसा येतो ते लिव्हलंय का?" तसे काही लिहिलेले नव्हते.

ते त्याने स्वतःच शोधून काढले. तेलाचे रिकामे पिंप, आत लोखंडी जाळी, खाली पाण्याची परात, बाजूला कापलेल्या दारातून विस्तव. मीठ, गूळ, मिरी आणि लाल तिखट आदल्या संध्याकाळी चोळून ठेवायचे. झाकणाच्या कडेला चिखलाचा लेप आणि वर ओले पोते. झाकण मधे उघडायचे नाही. कडूबाच्या म्हणण्याप्रमाणे पिंपातून दिवसभरात तीन वास निघतात. पहिला ओल्या गोणपाटासारखा, दुसरा काकवीसारखा, तिसरा भाजल्या शेंगदाण्यासारखा. तिसरा आला की हाड सुटते, घड्याळ काहीही म्हणो. या पदार्थाला तो 'उसवलेलं' म्हणे. पुढे सगळी छावणी तेच म्हणू लागली.

१९७५ पासून दर ईस्टरला मिस्सानंतर, म्हणजे सकाळच्या उपासनेनंतर, चर्चच्या आवारात जे जेवण होते, त्यात कडूबाचे उसवलेले असते. पाव, कांदा आणि ते. बाहेरची काळी, करकरीत साल ज्याच्या ताटात पडेल त्याचे नशीब. तिच्यासाठी म्हातारी माणसे रांगेत एकमेकांना कोपराने ढकलताना मी पाहिली आहेत, मीही त्यांत होते.

यात एक अडचण आहे, आणि ती फक्त आम्हालाच यावी अशी आहे. ईस्टरचे जेवण शनिवारी शिजते आणि शनिवारपर्यंत आमचा उपास असतो. राखेच्या बुधवारपासून, म्हणजे ईस्टरच्या दीड महिना आधीपासून, आम्ही मांसाला हात लावत नाही. म्हणजे कडूबाने छत्तीस वर्षे हा पदार्थ एकदाही न चाखता केला. फादर त्याला म्हणत, स्वयंपाक्याने जिभेला लावले तर पाप नाही. तो म्हणे, "नाक हाय ना, फादर. जीभ कशाला बाटवू?"

त्या दुपारी तो माझ्या व्हरांड्यात आला तेव्हा आधी भिंतीला हात टेकून उभा राहिला. मी पाणी दिले. ते त्याने हातातच धरले.

"टीचरबाई, मला वास येत नाय."

"कशाचा?"

"कशाचाच नाय. नाताळाच्या आधी ताप आल्ता बघा, तवापासून. रॉकेल नाय, फुलं नाय, काय नाय."

"आणि पिंप?"

"पहाटं पेटवलंय. दोन खांदे हायेत, चौदा किलो." त्याने पाण्याचा एक घोट घेतला. "वहिदाभाभी भिंतीवरून काय म्हनल्या ठावं हाय? 'क्या कडूबाभाई, आज मच्छरां भगा रे क्या?' मी हसलो. मंग तुमच्याकडं निघालो."

वहिदा आणि तिचा नवरा गयास कडूबाच्या भिंतीपलीकडे राहतात. दरवर्षी शुक्रवारी संध्याकाळी कडूबा त्यांच्या दारात जाऊन सांगतो की उद्या माझा धूर आहे. मग ते वाळत घातलेले कपडे आत घेतात आणि त्या बाजूच्या खिडक्या लावतात. त्यांना तो पदार्थ वर्ज्य, पण त्याचा धूर ते वर्षानुवर्षे ओळखतात. आज तो ओळखीचा नव्हता.

कडूबाचे घर माझ्यापासून तीन गल्ल्या. ऊन असे होते की आम्ही दोघे प्रत्येक झाडाखाली थांबलो. भागूबाई, त्याची बायको, वेदी सजवायला चर्चमध्ये गेली होती. अंगणात शिरले आणि मला कळले. तो कडुनिंबाचा धूर होता. गोठ्यात संध्याकाळी पाला जाळतात तसा, डोळ्यांना लागणारा, उग्र.

"कडूबा, लाकूड कुठले?"

"आंब्याचं. कारभारीच्या वखारीतून, दरसाल आनतो तसं."

"हे सगळे आंब्याचे नाही."

त्याने ढिगातला एक ओंडका उचलून डोळ्यांशी धरला. त्याची रीत अशी की वखारीत प्रत्येक ओंडक्याला कोयत्याने एक ढलपी काढायची आणि ती नाकाशी धरायची. वखारीतली माणसे त्यावरून त्याची थट्टा करत. या वर्षीही त्याने तेच केले. ढलपी काढली, नाकाशी धरली, मान हलवली, ओंडका बाजूला ठेवला. कारभारीला आणि गड्यांना काही कळू नये म्हणून. डोळ्यांनी ओळखावे तर एका डोळ्यात मोतीबिंदू, लाकूड जुने, साल निघालेले.

"निस्तं सोंग केलं मी," तो म्हणाला. "बोलून इचारलं असतं तर कारभारीनं सांगितलं असतं. पर तोंड उघडंना."

मी म्हटले, आधी निंबाचे ओंडके बाहेर काढू. मी वास घेऊन सांगायचे, त्याने चिमट्याने ओढायचे. तीन निघाले. त्यांवर पाणी ओतले. ढीगही तपासला. उरलेले आंब्याचे होते, तेवढे आत सारले. मग प्रश्न राहिला तो मांसाचा. नऊ तास होऊन गेले होते. उद्या साठ माणसे जेवणार होती. सगळे फेकायचे की नाही, हे कोणीतरी खाऊन सांगायला हवे होते.

"तू चाख," मी म्हटले. "फादरांची परवानगी आहेच."

त्याने मान खाली घातली. "चाखलंय. भाभी बोलल्या तवाच. झाकान उघडलं, कडेचं तोडलं, तोंडात घातलं. खारट लागलं. बाकी कागद खाल्ल्यागत." मग म्हणाला, "छत्तीस सालांचं मोडलं, अन् हाती काय नाय."

भिंतीवरून वहिदाचे डोके वर आले. ती बहुधा बराच वेळ ऐकत होती.

"भाभी, तुमीच सांगा चाखून," कडूबा म्हणाला. इतक्या त्रासातही त्याला थट्टा सुचली याचे मला बरे वाटले.

"तोबा! चालीस बरस से तुम्हारा धुआँ खा रई मैं, वो बस नहीं?" ती म्हणाली, आणि मग माझ्याकडे पाहून हळू आवाजात, "टीचरबाई, तुमीच बघा ना. म्हातारा रडंल आता."

मी सातव्या वर्षापासून हा उपास पाळत आले होते. सिकंदराबादच्या कॉन्व्हेंटमध्ये आम्हा मुलींना सिस्टर रांगेत उभे करून विचारत, कोणी काय सोडले. माझ्या वयाला आता उपासाचे बंधन नाही, हे मला माहीत होते. तरी बशी हातात घेताना मला फार थकल्यासारखे झाले. उन्हाचा शीण असेल.

कडूबाने दोन तुकडे दिले, एक सालीचा, एक आतला. साल आधी खाल्ली. तोंडात ठेवताना काही कळले नाही. मीठ, गूळ, चरबी. गिळताना तो वास मागून नाकात चढला आणि तिथेच बसला. खराबी जिभेवर नव्हती, वासात होती; म्हणूनच त्याला कळले नव्हते. आतला तुकडा खाल्ला, पाण्याने चूळ भरून पुन्हा खाल्ला. तो स्वच्छ होता. अजून थोडा चिवट, पण चांगला.

कडूबा माझ्या तोंडाकडे पाहत होता. मी लिहिते त्यात खोटे लिहीत नाही, म्हणून हेही लिहिते की क्षणभर मला वाटले, सगळे छान आहे म्हणून सांगावे. पण मग पहिल्या घासाला साठ जणांना कळले असते, त्याच्यादेखत.

"साल गेली," मी म्हटले. "बोटभर खोलपर्यंत. आतले चांगले आहे."

"साल गेली," तो म्हणाला. आणि पुन्हा, "साल गेली."

त्याने झाकण लावले, कडेला नवा चिखल थापला. मला खुर्ची आणून दिली, पिंपापासून चार हातांवर, जांभळीच्या सावलीत. तो विस्तवाशी बसला. मी वास घ्यायचा आणि त्याने विस्तव कमीजास्त करायचा. मधूनच तो विचारी, "कोनता?" मी म्हणे, "काकवीचा." पुन्हा पंधरा मिनिटांनी, "अजून काकवीचाच?" "अजून." माझी पाठ भरून आली. त्याचे डोळे मिटत होते आणि प्रत्येक वेळी तो दचकून जागा होत होता.

चारच्या सुमारास भागूबाई आली. अंगणातले विझवलेले ओंडके, मी, आणि माझ्या मांडीवरची बशी, सगळे तिने एकदा पाहून घेतले.

"सांगितलं का टीचरबाईला?" तिने नवऱ्याला विचारले.

"काय?"

"नाकाचं."

कडूबाने हातातला चिमटा खाली ठेवला. "तुला कुनी सांगितलं?"

"कुनी सांगाया पायजे? जानेवारीत दूध करपून घरभर धूर झाला अन् तुमी शेजारी बसून पेपर वाचत व्हता. शेजारी! मी काय आंधळी हाय?"

"मंग बोलली का नाय?"

"तुमी बोलला का?" ती चप्पल काढून आत गेली आणि आतूनच म्हणाली, "मला वाटलं, ईस्टरच्या आदी सोताच सांगतील. लाकडं आनाया मला संगं नेतील. न्हेलं का? येकटेच गेले ऐटीत."

मग ती चहा घेऊन बाहेर आली. तिघांनी काळा चहा घेतला. ती माझ्या खुर्चीशी खाली बसली आणि तीही वास घेऊ लागली. सहाला दहा कमी असताना आम्ही दोघी एकदमच म्हणालो, "आला."

कडूबा उठला. गुडघ्यावर हात ठेवून, दोन दमांत. झाकण काढले, फडक्याने हाड धरले आणि हलकेच ओढले. हाड बाहेर आले, पांढरे, कोरडे, त्याला एक तंतूसुद्धा चिकटलेला नव्हता. दुसऱ्या खांद्याचेही तसेच. भागूबाईने परात धरली. कडूबाने सुरी घेतली, जी या कामात त्याने कधी वापरली नव्हती, आणि काळी साल कापायला सुरुवात केली. बोटभर जाड, चारी बाजूंनी. मी म्हटले, इथे थोडी चालेल, इथे वास कमी आहे. त्याने ऐकले नाही. आतले बोटांनी उसवताना त्याचे हात सराईतासारखे चालत होते. मला तर तो ते करत असताना नेहमीसारखाच दिसला. चौदा किलोंचे शिजून सालीसकट निम्म्याहून थोडे जास्त भरले असते, आता निम्म्याहून बरेच कमी भरले. भागूबाई म्हणाली, साठांना पुरवायचे तर पाव वाढवू, बटाटे घालू.

"साल कुठं गेली म्हनून इचारतील," ती म्हणाली. "काय सांगायचं? मांजरानं न्हेली म्हनू?"

"चौदा किलोवरची साल येका मांजरानं?" कडूबा म्हणाला.

"मंग कारभारीच्या नावावर घाला. त्यानंच दिलं ना लाकूड."

कडूबा हात धूत होता.

"त्यानं दिलं नाय, मी निवडलं," तो म्हणाला. "उद्या वाढायला मी उभा ऱ्हातो. जो इचारंल त्याला मीच सांगतो, नाक गेलंय म्हनून. येकेकाला सांगत बसायची ताकद नाय, पयल्यालाच मोठ्यानं सांगंन. बाकीचे ऐकतील."

"अन् पुढच्या सालचं?"

"पुढच्या सालचं आज नको, भागू."

तो मला घरापर्यंत सोडायला निघाला. मी नको म्हटले. भागूबाईने गल्लीच्या टोकापर्यंत माझा हात धरला. वाटेत ती एकदा म्हणाली, लई दमले हो आज. स्वतःबद्दल की त्याच्याबद्दल ते मी विचारले नाही.

घरी आल्यावर साडेसातला वही उघडली. दिवसाची शेवटची ओळ अशी आहे:

अंगावरची पांढरी साडी बादलीत भिजत घातली, साबण अर्धी वडी; धुराचा वास गेला नाही, उद्या मिस्साला निळी नेसायची.