ओन्नीची रुसणारी रायफल

ओन्नी कांगासची रायफल रुसायची. अमेरिकेतल्या सुपीरियर सरोवराच्या काठच्या त्या फिनिश वस्तीत कुणालाही विचारा, हेच सांगतील. पहिला बार झकास व्हायचा. दुसरी गोळी भरायला खालची दांडी ओढून परत मिटवायला गेलं की ती अर्ध्यात अडायची, आणि ओन्नी शिव्या घालत तिच्याशी झटेपर्यंत हरीण झाडीत पसार झालेलं असायचं. संध्याकाळी शिकारीच्या खोपीत शेगडीपाशी बसून तो म्हणायचा, "आमच्या लेम्पीवर गेलीय. एकदा सांगितलेलं ऐकते, दुसऱ्यांदा सांगितलं की रुसते." दरवर्षी हेच, आणि खोपीतले म्हातारे दरवर्षी तितकेच खो खो हसायचे.

लेम्पी त्याची बायको. शाळेच्या स्वयंपाकघरात तिचा सारा जन्म गेला. हा विनोद घरीही चालायचा, आणि दर वेळी ओन्नीच्या पाठीत ओलं फडकं बसायचं. ते बसावं म्हणूनच तो हा विनोद करायचा, हे तिलाही ठाऊक होतं.

ओन्नी गेला त्या उन्हाळ्यात तिने रायफल तेवढी ठेवून त्याचं बाकी सगळं सामान अंगणात विकायला मांडलं. तळघरात काडतुसं भरायचं त्याचं हातयंत्र होतं, तेही. तळघर रिकामं झालं की मन हलकं होईल असं तिला वाटलं होतं. कसलं होतंय! तेलाचा वास तसाच राहिला, फक्त तो वास अंगावर घेऊन वर येणारा माणूस नव्हता. यंत्र शेजारच्या टाउनोने नेलं. टाउनो म्हणजे ओन्नीचा शिकारीचा जोडीदार आणि खोपीचा कारभारी.

तोच टाउनो यंदा शरदात कॉफी प्यायला आला आणि कप नुसताच फिरवत बसला.

"बोल की," लेम्पी म्हणाली. "कपात काय मासा शोधतोयस?"

"खोपीतली ओन्नीची खुंटी गं. रिकामी खुंटी बरी दिसत नाही म्हणतात सगळे. या मोसमातही तिच्यावर रायफल लागली नाही, तर सुलोच्या जावयाला द्यायची ठरतंय."

"त्या जावयाला? तो कॉफीत साखर घालून वर सरबतासारखी पितो."

"म्हणून तर आधी तुझ्याकडे आलो."

"मी येते मग."

"रायफल घेऊन?"

"नाही, लाटणं घेऊन," ती म्हणाली. बालपणी बापाबरोबर तिनेही हरणं मारली होती. लग्नानंतर कुणी बोलावलं नव्हतं, एवढंच.

अडचण एकच होती. त्या जुन्या रायफलीची काडतुसं दुकानांतून कधीच नाहीशी झाली होती. भरायची तर घरीच. टाउनोची नजर अधू झाल्यामुळे यंत्र त्याच्याकडेही धूळ खात पडलं होतं. वेलदोड्याच्या दोन गोड पावांच्या बदल्यात ते पुन्हा लेम्पीच्या तळघरात आलं.

दोघांनी मिळून गंज घासला, सांध्यांना तेल दिलं. खोक्यात बंदुकीच्या दारूचा एक बिनचिठ्ठीचा डबा निघाला. टाउनोने तो सरळ फुलांच्या वाफ्यात ओतला. "नाव नसलेली दारू म्हणजे खत," तो म्हणाला. दारू नवी आणली, मापांचं पुस्तकही नवं आणलं.

मग लेम्पीने साचा हातात घेतला. झडलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी दाबून पुन्हा मापात आणायचा तो पोलादी साचा. तो यंत्रात किती खोल बसवायचा, त्या जागी लाल रेघ ओढलेली होती. तिने ती नखाने खरवडून पाहिली आणि लगेच ओळखली. तिचाच नखांचा रंग होता तो. भाचीच्या लग्नासाठी आणलेली बाटली घरातून गायब झाली होती. "मी कशाला घेऊ? मला काय नखं रंगवायचीत?" म्हणून ओन्नी तेव्हा बायबलची शपथ घ्यायला निघाला होता, लबाड.

"आता ती रेघ विसर," टाउनो म्हणाला. "जुनं सामान घेतलं की आधीच्याचं माप मोडायचं आणि स्वतःचं लावायचं. हा नियम आहे."

"आधीच्याचं? अरे, नवरा होता तो माझा."

"नियमाला नवरा-बायको कळत नाही."

"मग नियमाला सांग, घरी जा म्हणावं. आणि त्याला सोबत म्हणून तूही जा."

तो गेला. दुसऱ्या दिवशी मात्र तिचं तिलाच पटेना. शाळेच्या स्वयंपाकघरात दुसऱ्या कुणी लावलेल्या भट्टीवर तिने कधी भरवसा ठेवला नव्हता, मग इथेच का? तिने साचा सैल केला आणि पुस्तकात सांगितल्याप्रमाणे पुन्हा बसवला. तो लाल रेघेपाशी थांबला नाही. थोडा आणखी खाली गेला. त्यातून काढलेली रिकामी पुंगळी तिने रायफलीत घालून पाहिली. दांडी लोण्यासारखी मिटली.

मग साचा रेघेवर आणून दुसरी पुंगळी काढली. दांडी अर्ध्यात अडली.

रायफल कधी रुसलीच नव्हती. ओन्नीचं मापच जरासं चुकलेलं होतं. दुकानातली पहिली गोळी नीट बसायची, तिच्यामागच्या, याने घरी भरलेल्या, अडायच्या, आणि काटकसरी गडी जुन्या साठ्यातली दुकानची गोळी पहिलीच तेवढी घालायचा. लेम्पी हसली, हसता हसता रडली. इतक्या वर्षांचा तो विनोद, ती फडकी, सगळं एका चुकलेल्या रेघेवर उभं होतं. हे खोपीत कळलं तर म्हातारे आणखी वीस वर्षं हसतील, पण ते हसणं निराळं असेल. ओन्नीवरचं असेल.

तिने काडतुसं नव्या मापाने भरली. लाल रेघ पुसली नाही.

मोसमाच्या पहिल्या सकाळी ती दलदलीच्या कडेला बसली. टाउनो हाकेच्या अंतरावर होता, बाकीचे टेकडीपलीकडे, बार ऐकू न येण्याइतके दूर. हरीण आलं. पहिला बार भूर्जाच्या खोडात गेला. तिने विचार न करता दांडी ओढली, मिटवली, आणि दुसऱ्या बाराला हरीण जागीच कोसळलं.

संध्याकाळी खोपीत कॉफी उकळत होती. म्हाताऱ्या सुलोने डोळे मिचकावत विचारलं, "काय लेम्पी, दुसऱ्या बाराला रुसली का?"

लेम्पीने टाउनोकडे पाहिलं नाही. "रुसली की," ती म्हणाली. "पहिलीच लागली म्हणून बरं."

खोपी हसली, अगदी पूर्वीसारखी. टाउनो शेगडीत लाकूड सारत होता.

"हो," तो म्हणाला. "मलाही एकच बार ऐकू आला."

मग त्याने रायफल तिच्या हातातून घेतली आणि ओन्नीच्या खुंटीला अडकवली.