हार घातलेले दोघे

माहेरच्या भावकीच्या ग्रुपवर रोज सकाळी एक फोटो टाकायचा, हा माझा नेम. इंदापूरच्या कॉलेजात फिजिक्स शिकवते, त्यामुळे एक दिवस सुप्याच्या माळावरचा चिंकारा, तर एक दिवस दुर्बिणीनं टिपलेला तेजोमेघ. भावकी सगळ्यालाच हात जोडते. एका काकूंनी तेजोमेघाखाली 'रांगोळी छान' असं लिहिलं, तेव्हा मी चांगला अर्धा तास धुसफुसत होते. मग पुन्हा फोटो बघितला, तर खरंच रांगोळी दिसायला लागली.

तिसरा प्रकार बातम्यांचा; त्या मात्र मी फक्त धाकट्या भावाला पाठवायची. कुठल्या देशात दोन पुरुषांना, दोन बायकांना कायद्यानं लग्न करता येऊ लागलं, की लगेच. भाऊ पुण्यात एका मुलासोबत राहतो; घरच्यांच्या लेखी तो नुसता रूम पार्टनर, पण खरं तर त्याचा जोडीदार आहे, हे घरात मला एकटीलाच माहीत होतं. चुलतबहिणीचं लग्न कळस गावी ठरलं, तेव्हा भाऊ फोनवर म्हणाला, "एकटा आलो तर मलाच खोटं वाटतं, आणि त्याला घेऊन आलो तर तात्या दारात उभं करणार नाहीत. नकोच." तात्या म्हणजे नवरीचे वडील, आमचे चुलते. आमचे वडील गेल्यावर त्यांनीच आम्हाला वाढवलं.

मला राग आला. कुणाचा, ते नक्की सांगता यायचं नाही. दुसऱ्या दिवशी चिंकाऱ्याऐवजी बातमीच ग्रुपवर टाकली. फोटोत नव्या कायद्यानं लग्न केलेले दोन परदेशी पुरुष, गळ्यात हार, तोंडभर हसू.

आमच्याकडे हार घातलेले दोन पुरुष म्हणजे निवडणूक जिंकलेले. पाच मिनिटांत सुरू. "चेअरमन, व्हाइस चेअरमन, दोघांचं हार्दिक अभिनंदन!" "कुठली सोसायटी?" "पॅनेल कुणाचं?" बातमी कुणी उघडलीच नव्हती. मी हसून बेजार, तोवर भावाचा मेसेज: "ताई, काढून टाक. तात्या वाचतात."

तेही खरंच. भावकीत शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारे तेवढे एकच. दुपारी त्यांचा फोन आला आणि माझं हसू पळालं.

"सत्कार न्हाय त्यो," तात्या म्हणाले. "लगीन हाय."

"व्हय, तात्या."

"धाकट्याबरोबर ऱ्हातोय त्यो पोरगा. त्यांचंबी असंच हाय का?"

"व्हय" म्हणून गेले. भावाची गोष्ट मी त्याला न विचारता सांगून टाकली होती. पलीकडे तात्यांनी ट्रॅक्टर बंद केला.

"म्हून दिवाळीलाबी एका दिसात पळतंय व्हय," ते म्हणाले. मग घसा खाकरला. "लग्नात आहेर जोडीनं असतोय. आता साडी कुणाला नेसवायची? टॉवेल-टोपीच दोन सांगतो. त्याला म्हणावं, एकटा येऊ नगंस."

भावाला लगेच फोन लावला. आधी माफी मागितली, मग तात्यांचा निरोप दिला.

"जोडीनं म्हणाले? तात्या?"

"हो."

"परत सांग."

परत सांगितला, तात्यांच्याच शब्दांत, टॉवेल-टोपीसकट. तिसऱ्यांदा विचारताना त्यानं फोन स्पीकरवर टाकला, जोडीदारालाही ऐकू जावं म्हणून.