कॅमेऱ्याचं कव्हर

आमच्या कोराडीत कोणतीच वस्तू झाकल्याशिवाय ठेवत नाहीत. विजेच्या प्लांटच्या चिमण्या घरामागेच आहेत, आणि वारं सुटलं की कोळशाची राखड कोणाला विचारून आत येत नाही. सकाळी पुसलेल्या फ्रिजवर दुपारी बोटानं नाव लिहून घ्यावं. म्हणून इथं मिक्सरला कव्हर, टीव्हीला कव्हर, कुलरला कव्हर, शेगडीला कव्हर. आणि ती सगळी कव्हरं शिवते मी. नवरा प्लांटात नोकरीला होता तेव्हापासून हाच माझा धंदा. लोकांच्या वस्तू झाकून झाकून मी पोरगा इंजिनिअर केला, हे मी कोणालाही तोंडावर सांगते.

धंद्यातली माझी सगळ्यात लाडकी वस्तू म्हणजे शिलाई मशीनला लावलेली मोटार. गुडघे कुरकुर करायला लागले तेव्हा घेतली. पायडल सुटलं, आणि जाड रेक्झिन जे आधी घाम काढायचं, ते मुकाट शिवून निघायला लागलं. दुसरी लाडकी वस्तू फोन. बायका आपापल्या वॉशिंग मशीनचा फोटो पाठवतात, माप बोलून पाठवतात, मी ऐकते आणि कापते. एकीनं तर ओव्हनचं माप वितीत पाठवलं. वीत कोणाची वं, तुझी का तुझ्या नवऱ्याची, असं मला उलट विचारावं लागलं.

तब्येतीच्या वस्तू मागून आल्या आणि त्या मी मागितल्या नव्हत्या. मागच्या थंडीत मी ओट्यापाशी चक्कर येऊन पडले. समोरच्या वहिनीनं उचललं, शहरात धंतोलीच्या दवाखान्यात नेलं. बीपी वाढलं होतं, बाकी काही नाही. पण पोरगा बंगलोरहून आला तो माझ्या घराला कुलूप लावायचं ठरवूनच आला. आता एकटीनं राहायचं नाही, माझ्याकडे चल, म्हणाला. मी म्हटलं, नाही. त्याच्या त्या उंच बिल्डिंगमध्ये मी काय करू, लिफ्टमधून खालीवर होत बसू? हे घर नवऱ्यानं रिटायर झाल्यावर, क्वार्टर सोडून बांधलं. भिंतींवर पाणी मी मारलं. इथं माझा धंदा आहे, माझ्या गिऱ्हाइकिणी आहेत, आणि इथं माझं चालतं.

वाद खूप झाला. शेवटी ठरलं, की तो घरात लावेल त्या सगळ्या यंत्रांचं मी ऐकायचं. आणि मला पुन्हा एकदा जरी काही झालं, तर घर बंद करून मुकाट्यानं त्याच्यासोबत निघायचं. मी हो म्हटलं. हरायचा माझा विचारच नव्हता.

मग यंत्रं आली. गोळ्यांची डबी आली, तिला वारावारांचे खण. फोनमध्ये एक ॲप आलं. ते रोज विचारतं, गोळी घेतली का? ‘घेतली’वर बोट लावेपर्यंत पिच्छा सोडत नाही. माझ्या सासूनंसुद्धा माझी इतकी चौकशी कधी केली नव्हती, त्यामुळे ते मला आवडूनच गेलं. बीपीचं मशीन आलं, तर गल्लीतल्या बाया सकाळी माझ्याकडे बीपी मोजायला यायला लागल्या. धंतोलीच्या नर्सनं शिकवलं तसं मी त्यांना सांगते, पाय जमिनीला टेकवा, पाच मिनिटं बोलू नका. बोलू नका म्हटल्यावर अर्ध्या उठून जातात. इंडक्शनची शेगडी आली. भांडं उचललं की ती आपली आपण बंद होते, त्यामुळे बाजारात गेल्यावर गॅस चालू राहिला का ही धास्ती गेली. मनगटाला घड्याळ आलं, ते माझी नाडी थेट बंगलोरला कळवतं. या सगळ्यांवर माझा जीव बसला, खोटं काहून बोलू?

कॅमेरा तेवढा आवडला नाही. पोरानं तो शोकेसवर ठेवला होता. मी कणीक मळायला गेले की मान वळवून तिकडे पाहायचा. पण शब्द दिला होता, म्हणून सोसला.

अर्थात कव्हरं सगळ्यांना शिवली. बीपीच्या मशीनला चेनवालं, फोनला बटवा, आणि कॅमेऱ्याला उरलेल्या निळ्या रेक्झिनचं टोपडं. झाडताना घालायचं, झाडून झालं की काढायचं, एवढंच त्याचं काम.

उन्हाळा लागता लागता एका दुपारी जोराचं वारं सुटलं आणि राखडीनं समोरचं घर दिसेना. अशा वेळी कोराडीच्या बाईला विचार करावा लागत नाही, तिचे हातच कामाला लागतात. मी खिडक्या लावल्या, दाराला आतून कडी घातली, टीव्ही झाकला, मिक्सर झाकला, शेगडी झाकली. घड्याळ चार्जिंगला लावलं होतं, त्यावर फडकं टाकलं. फोन बटव्यात घालून ड्रॉवरमध्ये ठेवला. कॅमेऱ्याला टोपडं चढवलं. मग डोक्याकानाला दुपट्टा गुंडाळला आणि मागच्या खोलीत मोटार लावून बसले. सावनेरच्या एका शाळेच्या कॉम्प्युटरांची कव्हरं द्यायची होती, घाई होती.

तिकडे बंगलोरला काय झालं ते मला नंतर कळलं. पोरगा मीटिंगमधून उठला आणि त्यानं पाहिलं, तर कॅमेरा काळा. घड्याळात नाडी नाही. फोन वाजतो आहे आणि कोणी उचलत नाही. एक वस्तू बंद पडली असती तर बिघडली असं तो समजला असता. तिन्ही एकदम गेल्या, म्हणून तो एकच समजला, आई पडली, आणि त्यानं समोरच्या वहिनीला फोन लावला. दार वाजवून वाजवून त्या लोकांचे हात दुखले म्हणे. मोटारीच्या आवाजात आणि दुपट्ट्याच्या गुंडाळीत मला काय ऐकू येणार?

मी एका कोपऱ्याला पायपिंग लावत होते, तर धाडकन आवाज झाला. वाटलं, ट्रान्सफॉर्मर उडाला. बाहेर येऊन पाहते तर दार चौकटीतून लोंबकळतंय, समोरचे भाऊजी हातात लोखंडी सब्बल घेऊन उभे, आणि मागे अर्धी गल्ली. वहिनी रडत होती. मला धडधाकट पाहून भाऊजी जागच्या जागी खाली बसले. आणि मी? मी दार पाहून पेटले. सागवानी दार, नवऱ्यानं आरामशीनवर जाऊन स्वतः निवडलेलं. भाऊजींना नाही नाही ते बोलले. मग ड्रॉवरमधून फोन काढला, त्यात पोराचे कॉलच कॉल. लावला. मी बरी आहे, म्हटलं. तो एवढंच म्हणाला, उद्या येतो.

सकाळी आला तो परतीची दोन तिकिटं काढून. माळ्यावरून बॅग उतरवली. मी चहा ठेवला आणि भांडायला उभी राहिले. माझी चूक झाली, मान्य, पण मला काही झालं नव्हतं. शर्त मला काही होण्याची होती. टोपडं घालणं म्हणजे काही होणं नव्हे बाप्पा! तो ऐकतच नव्हता. कपाट उघडून माझ्या साड्या बॅगेत भरत होता. मग एक साडी हातात घेऊनच तो खाटेवर बसला.

"बाबांच्या वेळी मले फोन आला तेव्हा सारं संपलं होतं," तो म्हणाला. "काल तो काळा स्क्रीन पाहून राहिलो होतो आणि तेच सारं पुन्हा सुरू झालं. मले तसा फोन पुन्हा नाही पाहिजे, आई."

त्याचे बाबा सकाळी फिरायला गेले होते आणि रस्त्यातच गेले. पोरगा विमानानं पोचला तेव्हा अंगणात लोक वाट पाहत उभे होते. तेव्हा त्यानं सगळं नीट केलं, टिपूस काढलं नाही. लोक म्हणाले, पोरगा धीराचा आहे. मीही तसंच समजले. आता तो साडी तोंडाला लावून रडत होता.

माझं काळीज हललं. पण काळीज हललं म्हणून घर हलवायचं नसतं.

"मी घर सोडत नाही," मी म्हटलं. "पण तुझ्या जिवाले घोरही लावत नाही. बस इथं आणि पाहा."

मशीनवर बसले. निळं टोपडं घेतलं, पुढून चौकोनी कापलं, आणि तिथं झाकण शिवलं. वर उचललं की वेलक्रोनं वरच चिकटून राहतं. सकाळी चहा ठेवताना झाकण वर, आणि खाली कधी करायचं ते मी ठरवणार. फोनच्या बटव्याला लांब नाडा लावून तो गळ्यात घातला. आणि त्याला नियम सांगितला, घड्याळ, फोन आणि कॅमेरा तिघांना एकदम झाकायचं नाही, कोणतातरी एक उघडा राहीलच. नव्या दाराला आतून कडी नाही, किल्लीनं बाहेरूनही उघडेल असं कुलूप लावायचं, आणि एक किल्ली समोरच्या वहिनीकडे ठेवायची. म्हणजे सब्बलीचं काम संपलं.

त्यानं झाकण वर केलं, खाली केलं, परत वर केलं. इंजिनिअरच तो. शिवण वाकडी आहे म्हणाला. वाकडी असू दे, टिकेल, मी म्हटलं. मग बराच वेळ तो फोनमध्ये बोटं फिरवत होता. मला वाटलं ऑफिसचं काम असेल. माझं तिकीट रद्द करत होता.

भाऊजींची माफी मागायला मी स्वतः गेले, सोबत त्यांच्या कुलरचं कव्हर शिवून नेलं. नवं दार लागलं. नियम मी आजवर मोडलेला नाही. राखड उडो की वादळ येवो, गळ्यात फोन असतोच.

मागच्या रविवारी संध्याकाळी मी झाकण पाडून मशीनवर बसले होते. गळ्यातला फोन वाजला.

"आई, झाकण उघड ना जरा."

मी म्हटलं, माझी तब्येत बरी आहे, घड्याळात पाहा, नाडी दिसते का नाही?

"दिसते ना. काम काही नाही, आई. मी जेवून राहिलो. तू शिव."

मी उठून झाकण वर केलं. कॅमेऱ्याची मान मागच्या खोलीच्या दाराकडे वळली. मशीनपाशी परत आले, मोटारीचा पट्टा काढून ठेवला आणि पायडलचा चढवला. गुडघे बोलले, बोलू दिले. लहानपणी तो याच आवाजात जेवायचा.