कुंकवाची रेघ

अंधेरीपासून मुलुंडपर्यंत इंजिनाचं टायमिंग लावणारा माझ्या साडूसारखा माणूस झाला नाही, आणि होणारही नाही. ज्याला पटत नसेल त्यानं हे वाचू नये. माझी शाळा चौथीत सुटली, लिहिणं हा माझा धंदा नव्हे. पण साडूभाऊंबद्दल दुसरं कोणी लिहिणार नाही, आणि लिहिलं तर चुकीचं लिहील, म्हणून मीच बसलो आहे.

साडूभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे, आमच्या अक्कांचे, यजमान. मूळचे मालवणकडचे, राहायला घाटकोपरला, नोकरी फोर्टात कारकुनाची. अंगात कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात छत्री. त्यांना बघून कोणी म्हटलं नसतं की हा माणूस रविवारी बनियनवर, मांडी घालून, चाळीच्या अंगणात फटफटीच्या पोटात हात घालतो. दुसऱ्याच्या इंजिनाची वेळ केसभर चुकू न देणारा हा माणूस स्वतः मात्र जन्मात कुठे वेळेवर पोचला नाही. माझ्या लग्नाला अक्षता पडून गेल्यावर आले. वाटेत कोणाची तरी फटफटी नीट बोलत नव्हती, ती ऐकत थांबले होते. मी रागावलो तर मलाच म्हणाले, "तुझ्या लग्नाची वेळ भटान लावलेली. माका कित्याक विचारतंस?"

रस्त्यानं फटफटी गेली की साडूभाऊंचं बोट वर व्हायचं. तोंडात घास असो की समोर ऑफिसातला साहेब असो, बोट वर. आवाज लांब जाईपर्यंत ऐकायचे आणि निकाल द्यायचे, "लेट आसा." म्हणजे ठिणगी उशिरा पडते आहे. लहान इंजिनाचं सगळं गणित त्यात असतं. पिस्टन अगदी वर पोचायच्या जरासा आधी ठिणगी पडली पाहिजे. हे मला त्यांनी असं समजावलं होतं: "पावणो उंबऱ्यावर पाय ठेवच्या जरा आधी चाय उतराक व्हयी. बसलो आणि मगे आदण ठेवलास, तर उठान जातलो. गल्लीच्या तोंडाक असतानाच ओतलास, तर थंडगार."

त्यांची हत्यारं तीन. पहिलं, अक्कांची स्वेटर विणायची सुई, जी कायम छत्रीत असायची, म्हणून अक्कांचा स्वेटर वर्षानुवर्षं एका बाहीचाच राहिला. प्लग काढून त्या भोकातून सुई आत सोडायची. तिला लाल दोरा बांधलेला. पिस्टन वर पोचायला ज्वारीच्या दाण्याएवढं अंतर उरलं की दोरा भोकाच्या कडेशी यायचा. दुसरं, सिगारेटचा कागद. हा माणूस निर्व्यसनी, पण खिशात पाकीट हवंच. सिगारेट फाडायची, तंबाखू खालच्या मजल्यावरच्या पेन्शनरला द्यायची, आणि कागद इंजिनाच्या दोन पॉइंटांमध्ये, म्हणजे उघडताच ठिणगी पाडणाऱ्या दोन टोकांमध्ये, चिमटीत धरायचा. दोरा कडेशी आला त्याच क्षणी पॉइंट उघडून कागद सुटला पाहिजे. त्या वेळी "गप रवा!" असा हुकूम सुटला की अक्का चुलीवरची कढई उतरवायच्या, आणि पेन्शनर खोकला गिळायचा. तिसरं हत्यार कुंकू. वेळ जमली की तेलात कालवलेल्या कुंकवाची एक बारीक रेघ, अर्धी पॉइंट ज्यावर बसवलेले त्या पत्र्यावर, अर्धी शेजारच्या इंजिनाच्या अंगावर. पत्रा जरा जरी सरकला, तर ठिणगीची वेळ बदलणार आणि रेघ तुटणार.

मी तेव्हा अंधेरीला गुरांच्या औषधांच्या गोदामात हातगाडी ओढत होतो. आरे कॉलनीतल्या तबेल्यांना औषधं पोचवायला मालकांना फटफटीवाला माणूस हवा होता. मी हट्टानं एक जुनी, इंजिन बसवलेली सायकल मिळवली. मालक म्हणाले, "सोमवारी सकाळी खोकी बांधून कॉलनीतला चढ चढून दाखव. पायडल मारलंस तर हातगाडी आहेच." म्हणजे चढला तर माणूस, नाही तर बैल.

रविवारी दुपारी साडूभाऊंनी टायमिंग लावलं, रेघ ओढली. संध्याकाळी मी घरी आलो आणि माझ्या डोक्यात आलं की ठिणगी अजून जराशी आधी पडली तर इंजिन अजून ओढेल. मला कोण शिकवणार! पत्रा केसभर फिरवला.

सोमवारी सपाटीवर गाडी झकास गेली. मागे मालकांची मोटार. चढ लागला तसं इंजिनातून टकटक, टकटक सुरू झालं, आणि निम्म्यात सगळं थंड. अर्धा दिवस रजा टाकून बसनं आलेले साडूभाऊ, अर्थातच उशिरा, तेवढ्यात खालच्या वळणावरून छत्री काखेत धरून वर येत होते. बोट वर होतं.

"टायमिंग कोणी लावलं याचं?" मालक मोटारीतून उतरत कडाडले.

मी खोक्यांच्या दोऱ्या आवळू लागलो. साडूभाऊंनी झाकण काढलं. कुंकवाची रेघ तुटून दोन तुकडे झालेले मलाही दिसले. त्यांनी माझ्याकडे एकदाच बघितलं आणि अंगठ्यानं दोन्ही तुकडे पुसून टाकले.

"मी लावलं," ते म्हणाले. "कागद सुटताना माझी नजर चुकली. ह्याचा काही दोष नाही. अर्धा तास द्या. आणि एक सिगारेट द्या."

"इंजिन बंद पडलंय आणि तुम्हाला सिगारेट सुचते?"

मालकांनी दिली ती भारीतली होती. साडूभाऊंनी ती त्यांच्यादेखत फाडली, तंबाखू गवतात फेकली. मालकांचं तोंड तंबाखूबरोबर खाली पडलं. इस्त्रीच्या शर्टानिशी साडूभाऊ मातीत बसले, छत्रीतून सुई काढली. रेघ असती तर नुसतं जुळवून भागलं असतं. ती त्यांनी स्वतःच पुसली होती. सगळं पहिल्यापासून.

"गप रवा!" म्हणाले, आणि मालक गप राहिले.

मग मी तो चढ असा चढलो की तबेल्यातल्या म्हशींनी माना वर केल्या. पायडलला पाय लावला नाही. हातगाडी त्या दिवशी सुटली ती कायमची. त्याच फटफटीवर मी संसार ओढला, हे मी आजही मान वर करून सांगतो.

पण घाटकोपरच्या चाळीत गोष्ट पोचली. पेन्शनर विचारायचा, "काय हो, आज कागद सुटला का नजर सुटली?" साडूभाऊ हसायचे. त्या माणसाकडे फुशारकी मारावी अशी एकच गोष्ट होती, ती त्यांनी माझ्या पदरात टाकली, आणि मी ती ठेवून घेतली. एकदा सांगायला गेलो होतो. "साडूभाऊ, त्या रविवारी मी..." म्हटलं, तर बोट वर. रस्त्यावर फटफटी नव्हती. तरी बोट वर.

तेव्हा आता लिहून ठेवतो. साडूभाऊंची नजर कधी चुकली नाही. पत्रा मी फिरवला होता.

ते गेल्यावर अक्कांनी सुई काढून घेतली. वाटलं, आता स्वेटर पुरा होणार. पण लाल दोरा काही त्यांच्यानं सोडवेना, आणि दोऱ्यासकट विणता येईना. सुई माझ्याकडे आली. दारावरून फटफटी गेली की हल्ली माझंही बोट वर होतं. आवाज लांब जाईपर्यंत मी ऐकतो. लेट आहे की बरोबर, ते काही कळत नाही.